निखारा, श्वास आणि वीस वॅट

आजोळी चूल पाहिलेल्यांना फुंकणी सांगायला नको. हातभर लोखंडी नळी, एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला राखेखाली झोपलेला निखारा. फुंकर मारली की निखारा फुलतो. जास्त हवा, जास्त आच. आता तीच फुंकर नुकत्याच उतरवलेल्या गरम तव्यावर मारा. तवा निवतो. जास्त हवा, कमी आच.

या वीकांताचा लेख म्हणजे या दोन फुंकरींच्या भांडणाचा इतिहास. निमित्त आहे ड्राय हर्ब व्हेपोरायझर नावाचं, खिशात मावणारं एक यंत्र. सुकी पानं-फुलं जाळायची नाहीत, फक्त इतकी तापवायची की त्यातली तेलं आणि इतर द्रव्यं वाफ होऊन सुटतील, आणि ती वाफ श्वासाबरोबर आत घ्यायची. आपल्याकडे सर्दी झाली की निलगिरीचा वाफारा घेतात, तसाच हा कोरडा वाफारा. ही यंत्रं बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या माहितीपत्रकात कॅमोमाइल, लॅव्हेंडर, निलगिरीची पानं अशी सभ्य यादी असते. पण खोटं कशाला बोला, जगभर हे यंत्र मुख्यतः गांजासाठी वापरलं जातं. काही देशांत डॉक्टरच्या चिठ्ठीवर, काही देशांत विनाचिठ्ठी.

आपल्याकडचं सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी लेख अर्धा सोडून खरेदीला निघायचं. गांजा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतो. आणि २०१९ च्या ई-सिगरेट बंदी कायद्याची व्याख्या इतकी रुंद आहे की पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं विजेचं उपकरण, निकोटीन असो वा नसो, तिच्यात बसतं. ‘न जाळता तापवणारी’ उपकरणं आणि ई-हुक्का यांची नावं तर त्यात स्पष्ट लिहिली आहेत. तेव्हा आपल्यासाठी हा विषय उष्मागतिकी आणि इतिहासाचा, दुकानाचा नव्हे. असो.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. ओढणाऱ्याने झुरका घेतला की सिगरेटच्या टोकाशी तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. वाफेचं काम मात्र साधारण १८० ते २२० अंशांत होतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की पानं करपायला लागतात. म्हणजे वाफ आणि धूर यांच्यामधली फट फार तर चाळीस-पन्नास अंशांची. त्या फटीत टिकून राहायचं, आणि तेसुद्धा पलीकडच्या टोकाला कुणीतरी मनाला येईल तितक्या जोराने हवा ओढत असताना! सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. लोड किती येणार माहीत नाही, कधी येणार माहीत नाही, आणि रिस्पॉन्स मात्र सारखाच हवा.

या दुखण्याचं सगळ्यात जुनं लेखी वर्णन हिरोडोटसचं, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. सिथियन लोक तीन काठ्यांवर लोकरीचा तंबू ठोकतात, आत लालबुंद तापवलेले दगड ठेवतात आणि त्यावर भांगेचं बी टाकतात, मग त्या वाफेत बसून आनंदाने ओरडतात, असं तो सांगतो. बरीच वर्षं लोकांना ही हिरोडोटसची एक थाप वाटायची. मग १९४७ च्या सुमारास सर्गेई रुदेंको यांनी अल्ताई पर्वतात पाझीरिक इथली थडगी खणली, तर बर्फात गोठून राहिलेल्या तंबूच्या काठ्या, ब्राँझची भांडी, त्यात दगड आणि करपलेलं बी! २०१९ मध्ये पामीरच्या पूर्वेकडच्या जिरझांकल दफनभूमीतल्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी धुपाटण्यांवर प्रबंध आला. त्यातही दगड होते, आणि गांजाच्या रसायनांच्या खुणाही.

आता इंजिनिअरच्या नजरेने या तंबूकडे बघा. निखारे नाहीत, दगड आहेत. उष्णता बाहेर साठवून आत आणायची, म्हणजे कोळशाचा धूर आत नाही. एक किलोचा दगड ५०० अंशांवरून २०० वर उतरताना साधारण २४० किलोज्यूल देतो. आजच्या पोर्टेबल यंत्रांत हमखास असतो तो १८६५० जातीचा लिथियम सेल, त्याच्या पोटात अंदाजे ३६ किलोज्यूल. म्हणजे सिथियन मंडळींकडे प्रत्येक दगडागणिक सहा-सात सेल होते. आणि तंबू? तंबूमुळे श्वास आणि उष्णता यांची फारकत होते. तुम्ही जोरात ओढा नाहीतर हळू, दगडाला त्याचा पत्ताच नाही. हे लक्षात ठेवा, कारण हीच युक्ती अडीच हजार वर्षांनी एक जर्मन माणूस परत करणार आहे. दगडाचं तापमान कुणाच्या ताब्यात नव्हतं, ही एकच पण मोठी अडचण. करपलेलं बी त्याचीच साक्ष.

दुसरं घराणं निखाऱ्याचं, आणि ते आपल्या जवळचं. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये रुजली. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतला तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी आग्र्याला नजर केली. हा १६०४ च्या आसपासचा प्रसंग. अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि हकीम मध्ये पडले, असं असद बेगनेच लिहून ठेवलंय. हुक्क्याचा शोध अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने लावला, असं अनेक ठिकाणी छापलेलं दिसतं. पण गिलानी १५८९ मध्येच वारला होता, आणि तंबाखू तर दरबारात नवलाई म्हणून आली ती पंधरा वर्षांनंतर. तंबाखूशिवाय दुसरं काही ओढण्यासाठी आधीच हुक्का असेल तर गोष्ट निराळी. तरी एका माणसाला शोधाचं श्रेय देऊन मोकळं होण्याची घाई इतिहासात नेहमीच दिसते. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. तिचं काय झालं ते आपण जाणतोच.

हुक्का किंवा गुडगुडी म्हटलं की सगळे पाण्याबद्दल बोलतात. पाण्याने धूर गाळला जातो हा गैरसमज तर अमर आहे. मला विचाराल तर गंमत पाण्यात नाही, वर आहे. गुळात मळलेली तंबाखू, तिच्यावर मातीची चकती, चकतीवर निखारे. चिलमीत निखारा थेट मालावर बसतो आणि माल जळतो. गुडगुडीत निखारा नि माल यांच्यात भिंत आली, आणि माल बराचसा शिजतो. आणि आता फुंकणी आठवा. ओढणारा जोरात ओढतो, जास्त हवा निखाऱ्यावरून जाते, निखारा फुलतो, नेमकी हवी तेव्हा जास्त उष्णता मिळते. ओढणं थांबलं की निखारा आपोआप मंदावतो. ना सेन्सर, ना सर्किट. मागणी वाढली की पुरवठा वाढतो. एवढं सुबक ऑटो-स्केलिंग मी कुठल्याही क्लाउडवर पाहिलेलं नाही :)

पण या सौद्याची किंमत फुप्फुसं मोजतात. जी हवा निखारा फुलवते तीच हवा त्याचा कार्बन मोनॉक्साइड घेऊन आत येते. माल जळला नाही तरी कोळसा जळतोच आहे. हुक्का ओढणाऱ्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड बेसुमार वाढतो तो यामुळेच, आणि पाणी त्याला अडवत नाही.

ही किंमत चुकवायचा सर्वात महागडा प्रयत्न अमेरिकेत झाला. आर. जे. रेनॉल्ड्स या सिगरेट कंपनीने १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट लुईस, फीनिक्स आणि टूसॉन या शहरांत प्रीमियर नावाची सिगरेट आणली. दिसायला सिगरेट, आतून चिमुकली गुडगुडी. टोकाला कार्बनचा तुकडा, त्याच्यामागे ॲल्युमिनियमची डबी, डबीत ग्लिसरीन आणि तंबाखूचा अर्क मुरवलेले मणी. टोक पेटवायचं, गरम झालेली हवा मण्यांवरून ओढायची. कल्पना उत्तम. पण टोक लवकर पेटेना, आगकाडीने पेटवलं तर गंधकाचा दर्प थेट अर्कात, आणि ओढायला एवढा जोर लागायचा की कंपनीच्या आतच त्याला ‘हर्निया इफेक्ट’ म्हणत, असं ‘बार्बेरियन्स ॲट द गेट’ या १९९० च्या पुस्तकात आलं आहे. १९८९ च्या सुरुवातीलाच प्रीमियर गुंडाळली गेली. रसायनशास्त्र जमलं आणि हवेचा रस्ता चुकला, असं माझं वाचन आहे. माणूस ओढतो ती हवा आहे, तिला नळीतून जायला वाट लागते, ही गोष्ट शेवटी विचारात घेतली की असं होतं.

तिसरं घराणं गरम हवेचं. १९९० च्या दशकात ॲमस्टरडॅमच्या हॅश म्युझियममध्ये ईगल बिल नावाचा एक म्हातारा अमेरिकन बसायचा, हातात रंग खरवडायला वापरतात तसली हॉट एअर गन. काचेच्या भांड्यात पानं टाकायची, गनची हवा सोडायची, निघालेली वाफ पाहुण्यांना द्यायची. उष्णतेचा तुटवडा नाही, कारण वायर भिंतीत. कोळसा नाही, म्हणून मोनॉक्साइड नाही. मात्र तापमान त्याच्या हाताच्या अंदाजावर. २००५ मध्ये तो वारला. तोवर त्याच्या त्या खेळाचं नीटनेटकं यंत्र झालं होतं.

ते केलं मार्कुस श्टोर्झ याने. १९९० च्या दशकाच्या शेवटी पेटंट आणि २००० मध्ये बाजारात व्होल्कॅनो. युर्गेन बिकेल हा भागीदार, गाव टुटलिंगन, जे शस्त्रक्रियेच्या अवजारांसाठी प्रसिद्ध आहे. व्होल्कॅनो म्हणजे पोलादी शंकू. आत ॲल्युमिनियमचा जाडजूड ठोकळा तापलेला, खालून छोटा पंप ठरलेल्या वेगाने हवा ढकलतो, हवा ठोकळ्यातून तापून पानांतून जाते आणि वर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जमा होते. पिशवी भरली की काढायची आणि सावकाश ओढायची. पंपाचा वेग ठरलेला, म्हणून हीटरवरचा भार ठरलेला, म्हणून तापमान स्थिर. फुप्फुसं सर्किटमधून बाहेर. सिथियन तंबूच तो, फक्त प्लास्टिकचा आणि थर्मोस्टॅट लावलेला.

भार स्थिर झाल्यामुळे मोजमाप शक्य झालं, आणि संशोधक या यंत्रावर तुटून पडले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जाळलेल्या गांजाच्या धुरात शंभराहून जास्त संयुगं सापडली, तर व्होल्कॅनोच्या वाफेत मुख्य द्रव्यांखेरीज फक्त तीन, तीही किंचित. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने मोजलं की पानांत घातलेल्या टीएचसीपैकी सरासरी ५४ टक्के पिशवीत पोचतं. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत १८ जणांवर चाचणी झाली. रक्तातली मात्रा धुराइतकीच, पण श्वासातला कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ वाढला नाही. याचा अर्थ वाफ निरुपद्रवी असा मुळीच नाही. जळण्यातून येणारं बरंचसं विष टळतं, एवढाच.

आता कळीचा मुद्दा. हे यंत्र खिशात कसं घालायचं? वायर गेली, पंप गेला, पिशवी गेली. फुप्फुसं परत आली.

गणित करून बघू, पाच मिनिटांचं काम आहे. दहा सेकंदांत एक लिटर हवा ओढली, म्हणजे अगदी निवांत झुरका. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आत. ती २५ अंशांवरून २०० वर न्यायला जवळपास २१० ज्यूल लागतात, म्हणजे दहा सेकंद सतत २० वॅट. गुडगुडीसारखा दणदणीत झुरका घेतला तर ४० वॅट. त्यात पानांतली ओल उडवायची, बाहेर गळणारी उष्णता वेगळी. वर सांगितलेला सेल एवढी ताकद जेमतेम देतो, आणि देताना स्वतः तापतो. सोबतीला मिठाई बॉक्सपेक्षा लहान डबी, तीही हातात धरवली पाहिजे. निखारा झुरक्याबरोबर फुलायचा. हीटर झुरक्याबरोबर निवतो. तवा!

या वीस वॅटना गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी उत्तरं सापडली त्यातून आजच्या यंत्रांच्या जाती पडल्या.

पहिलं उत्तर, उष्णता भिंतीत साठवा. स्टॅनफर्डच्या डिझाइन विभागातल्या दोन विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्लूम कंपनीचं पॅक्स २०१२ मध्ये आलं. (याच घरातून २०१५ मध्ये जूल निघालं, पण ती वेगळी आणि जास्त दुःखद कथा.) पॅक्स म्हणजे धातूची छोटी भट्टी, पानं ठासून भरायची, भिंती तापवायच्या. हे कंडक्शन, तव्यावरची भाकरी. बॅटरीवर ताण कमी, यंत्र सडपातळ. पण भिंतीला लागलेलं आधी करपतं, मधलं कच्चं राहतं, आणि तुम्ही ओढा वा न ओढा, माल शिजतच असतो. शिवाय साठा तो केवढा? दहा ग्रॅम पोलाद एक अंश निवताना पाच ज्यूल देतं. मधल्या वेळात हीटरने काही दिलं नाही तर एकाच झुरक्यात भिंत चाळीस अंश उतरेल, म्हणजे आपली सगळी फट संपली. म्हणून अशा यंत्रांत हवेचा रस्ता मुद्दाम अरुंद ठेवतात. लोकांना ओढायला जड लागतं, ते कुरकुरतात, पण तो अडथळा म्हणजे हीटरला दिलेलं संरक्षण आहे. आमच्या भाषेत रेट लिमिटिंग. बारीक भोकातून हवा दुप्पट वेगाने ओढायची तर चौपटीच्या आसपास जोर लागतो, त्यामुळे उतावळा माणूस आपोआप दमतो.

दुसरं उत्तर, हवाच तापवा, आणि फक्त ओढताना. फायरफ्लाय हे त्या वळणाचं. हे कन्व्हेक्शन. चव चांगली, माल वाया जात नाही, पण वीस-चाळीस वॅट तिथल्या तिथे हजर हवेत. आणि गरम हवा आळशी असते. पानं एकीकडे सैल, एकीकडे घट्ट भरली की ती सैल वाटेने निसटते आणि बाकीचा माल तसाच राहतो. फिल्टर कॉफीची पूड नीट न दाबता पाणी ओतणाऱ्यांना हा अनुभव असेल. म्हणून पानं किती बारीक करायची, किती दाबायची, ही कटकट कन्व्हेक्शनमध्ये जास्त.

तिसरं उत्तर श्टोर्झ-बिकेलचंच, २०१४ मधलं मायटी. दोन्ही एकत्र. भट्टीच्या भिंतीही गरम आणि आत येणारी हवाही गरम, पोटात दोन सेल, दिसायला ओबडधोबड. डिझाइनवाल्यांनी नाकं मुरडली, पण वीस वॅटचं गणित त्यांनी प्रामाणिकपणे सोडवलं होतं. वर वाफेसाठी नागमोडी रस्ता, म्हणजे ओठांपर्यंत येईतो ती निवते. प्रीमियरवाल्यांनी शेवटी केलेला विचार इथे आधी झाला होता.

इथे एक खुसपट काढल्याशिवाय राहवत नाही. पडद्यावर २०० अंश दिसतं ते कुणाचं तापमान? हीटरजवळच्या सेन्सरचं. पानांचं नव्हे. झुरका चालू असताना दोन्हींत बरंच अंतर पडू शकतं. डॅशबोर्ड हिरवागार आणि तिकडे युजरची बोंब, हा प्रकार आपण रोज बघतो, तोच. तसंच, टीएचसी १५७ अंशांना उकळतं म्हणून नेमकं तेवढंच लावा, असे तक्ते नेटवर वर्षानुवर्षं फिरताहेत. तो आकडा जवळजवळ निर्वातात मोजलेला आहे, वातावरणाच्या दाबाला नव्हे. आणि वाफ व्हायला उकळावंच लागतं हे तरी कुणी सांगितलं? गॅलरीतले कपडे शंभर अंशांना वाळतात का? वारा असला की वाळतात. इथेही तसंच, हवा सुटलेली वाफ वाहून नेते म्हणून पुढची वाफ सुटते. तापमान एवढंच एक बटण धरून बसणाऱ्यांना अर्धंच यंत्र दिसतं.

चौथं उत्तर मला सर्वांत आवडतं. बॅटरीच नको. ब्युटेन गॅसमध्ये वजनामागे लिथियम सेलच्या पन्नासेक पट ऊर्जा असते. आयर्लंडमध्ये कार्लो इथे गॅसवर चालणाऱ्या सोल्डरिंग आयर्न बनवणारी ऑग्ल्सबी अँड बटलर कंपनी होती. सोल्डरिंग आयर्न म्हणजे काय, तर छोट्या जागेत ज्योत न दिसता ठरलेली उष्णता. तीच विद्या वापरून त्यांनी २००० च्या दशकाच्या अखेरीस आयोलाइट काढलं, आणि गॅसचं जळणं ओढायच्या हवेपासून वेगळं ठेवलं. विस्कॉन्सिनमधल्या डायनाव्हॅपने तर सगळंच काढून टाकलं. एक धातूची नळी, तिच्यावर टोपी, टोपीत दोन धातूंची चकती. टॉर्चने टोपी तापवायची, ठरावीक तापमानाला चकती उलटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. ज्योत बाजूला, मग ओढा. नळीला एक भोक, त्यावर बोट ठेवून किती थंड हवा मिसळायची ते ओढणाराच ठरवतो. गुडगुडीचा निखारा आपोआप करायचा ते काम इथे बोट करतं.

हे सगळं हौशी लोकांपुरतं असतं तर मी एवढं दळण दळलं नसतं. जर्मनीत मार्च २०१७ पासून गांजा डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळू लागला आणि व्होल्कॅनो, मायटी यांच्या ‘मेडिक’ आवृत्त्या वैद्यकीय उपकरणं म्हणून विकल्या जातात. तिथे ओढणारा पंचविशीतला जवान नसतो. केमोथेरपीने गळालेला, मल्टिपल स्क्लेरोसिसने छातीचे स्नायू अशक्त झालेला माणूस असतो. त्याचा झुरका पाच सेकंदांचा, अर्धवट. तेच यंत्र, तोच २०० चा आकडा, तेवढाच माल, पण आत जाणारी मात्रा भलतीच. गोळीचं असं होत नाही. ती अशक्त माणसालाही तेवढीच मिळते. हीटर आणि हवेच्या रस्त्याच्या डिझाइनमध्ये आपण नकळत एक सुदृढ फुप्फुस गृहीत धरतो, आणि ज्याला औषधाची खरी गरज आहे तोच त्या गृहीतकात बसत नाही.

म्हणून पोर्टेबल यंत्रं एवढी सुधारली तरी टेबलावरचा तो पोलादी शंकू गेला नाही. २०१८ च्या शेवटी कॅनोपी ग्रोथ या कॅनेडियन कंपनीने श्टोर्झ अँड बिकेल विकत घेतली, आणि २०१९ मध्ये व्होल्कॅनो हायब्रिड आलं. त्याला पिशवीही लावता येते आणि थेट ओढायची नळीही. नळी लावलेली असतानासुद्धा पंप चालू ठेवता येतो, मग वाफ स्वतःहून तोंडापर्यंत येते. ओढायची गरज नाही, फक्त श्वास घ्यायचा.